पायांनी वाचायचा ओढा

नाना, माझ्या बोटांना आता फारसं काही कळत नाही. हे तुम्हाला सांगायला मी जाडं पेन घेऊन बसले आहे, कारण बारीक पेन हातातून सुटलं की ते फरशीवर पडल्याचा आवाज आल्यावरच समजतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी चार रेघांच्या वहीत घोटून घेतलेलं इंग्रजी अक्षर गेलं, आणि मिरजेच्या आत्याला पोस्टकार्डं लिहायला लावून तुम्ही घरी शिकवलेलं मराठी अक्षरही गेलं. ओळी वर चढतायत, खाली उतरतायत. तुम्ही असतात तर पहिली अर्धी ओळ वाचून कागद बाजूला ठेवला असता आणि म्हणाला असतात, "ठमाबाई, परत लिहा."

गेल्या वर्षी माझ्या आतड्यातली गाठ काढली. नंतर सहा महिने शिरेतून औषध दिलं. गाठ गेली, औषध संपलं, केस जे काय थोडे गेले होते ते आले, पण बोटांच्या टोकांना आणि तळव्यांना जे झालं ते राहिलं. डॉक्टर म्हणाल्या, बऱ्याच जणांचं हळूहळू परत येतं, काहींचं येत नाही. हातांना सतत पातळ मोजे घातल्यासारखं वाटतं. पायांचं तसंच, किंबहुना जास्त. परवा इथे सिंगापुरात एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, सरकत्या जिन्यावरून उतरले आणि दहा पावलं चालल्यावर एका मुलीने मागून येऊन माझी चप्पल हातात दिली. "आंटी, युअर स्लिपर." मी तिचे आभार मानले. पायात चप्पल नाही हे मला कळलंच नव्हतं.

मी हे कोणाला सांगितलं नाही. औषध चालू होतं तेव्हा घरच्यांना माहीत होतं. फ्रिजमधली बाटली काढायची तरी मला ओव्हनचे मोजे घालावे लागत, गार वस्तूला हात लागला की बोटांतून वीज गेल्यासारखं व्हायचं. ते संपलं, तेव्हा सगळंच संपलं असं लेक धरून चालली. मीही धरू दिलं. "आता कसे आहेत हात?" असं तिने एकदा विचारलं, मी म्हटलं, "बरे आहेत की." तेव्हा तिला तिसरा महिना चालू होता. तिच्या बाळाला मी न्हाऊ घालणार, हे त्याच्या कितीतरी आधी, ती शाळेत असल्यापासून ठरलेलं होतं.

तिच्या बाळाला म्हणजे माझ्या नातीला आता सात आठवडे झाले. मरीन परेडचं माझं घर बंद करून मी त्यांच्याकडे बुकित पंजांगला येऊन राहिले आहे. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीसमोरून एलआरटी या छोट्या ट्रेनचे दोन डबे जातात. जावई पुण्याचा, इथल्या विद्यापीठात संशोधन करतो, स्वभावाने गरीब आहे आणि थट्टेखोरही. बाळाला शेक-शेगडी करायची म्हटल्यावर तो म्हणाला, "आई, धुरी दिलीत तर आधी खालच्या मजल्यावरची आजी येईल, मग फायर ब्रिगेड." पाण्याचं तापमान दाखवणारं एक पिवळं प्लॅस्टिकचं बदक त्याने आणलं, तेव्हा मी त्याला हसले होते. म्हटलं होतं, हाताला कळतं की. असं मी म्हटलं होतं, नाना.

तुम्हाला मी पत्र लिहावं असं बोटांमुळेच मनात आलं. इथे थंडी नाही. चाळीस वर्षं झाली, मी स्वेटर फक्त रॅफल्स प्लेसच्या बँकेतल्या एसीसाठी घातला. पण औषधाच्या दिवसांत पहिल्यांदा नळाचं साधं पाणी हातावर घेतलं आणि बोटं वाकेनाशी झाली, तेव्हा मी पुन्हा उटीच्या त्या ओढ्यात उभी होते. नकळत अंगठा करंगळीला लावून बघितला. लागला नाही.

उटीच्या शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असायची, म्हणून तुमच्याबरोबर ओढ्यावर जायचं ते डिसेंबर-जानेवारीतच. तुमची नोकरी जमिनीची धूप मोजायची. डोंगरातल्या ओढ्यांमधून पावसाळ्यात किती गाळ वाहून जातो ते तुम्ही बाटल्या भरभरून मोजत होतात, आणि त्यातून तुम्हाला हा एक ओढा सापडला होता, ज्यात गाळ नव्हता आणि ट्राउट मासे होते. सरकारी हॅचरीतून आणून सोडलेले नव्हेत. कोणे एके काळी साहेबलोकांनी आणले त्यांचे नातू-पणतू, तिथेच जन्मलेले, करंगळीपासून वीतभर लांबीचे. तुमचे आधीचे साहेब निवृत्त होऊन गेले ते त्यांची गळाची बांबूची काठी तुम्हाला देऊन. तीन तुकड्यांत सुटणारी, दर सांध्याला पितळेची नळी. मिरजेच्या घरात सात पिढ्यांत कोणी माशाला शिवलं नव्हतं, आणि तुम्ही शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर शेजारच्या अम्मांच्या कोंबड्याची मानेची पिसं मांडून, आईच्या शिवणाच्या काळ्या दोऱ्याने गळावर खोट्या माश्या बांधत बसायचात. हिवाळ्यातल्या माश्या अगदी बारीक, तिळाएवढ्या. मी दोऱ्याचं टोक धरायचे. आई आतून म्हणायची, "आटपा, मला त्या टेबलावर पानं घ्यायचीत. आणि आधी पुसून घ्या, पिसं आहेत ती." तुम्ही मासे खात नव्हता, पकडून परत सोडत होतात, हे तिला कधी पटलं नाही. "निदान खाल्ला तर त्याच्या मरण्याला काही अर्थ. हे काय, तोंडाला भोक पाडून घरी पाठवून द्यायचं." तुम्ही म्हणायचात, "भोक बुजतं."

आपण लवकर निघायचो नाही. हिवाळ्यात उन्हं पाण्यापर्यंत उतरायला साडेदहा वाजतात, तोवर मासा हलत नाही, हे तुम्ही मला शिकवलंत. गवतावरचं गोठलेलं दंव बुटांखाली करकरतंय. तुम्ही काठावर गुडघे टेकून बसला आहात, माशाला सावली दिसू नये म्हणून, आणि वनखात्याचा वॉचर वरच्या वाटेवर उभा राहून आपल्या तमिळ हेलात विचारतोय, 'सार' देवाला नमस्कार करतायत की माशाला? तुम्ही न वळता म्हणता, "दोघंही आज घरी नाहीत." थंडीत मासा खोल, संथ पाण्यात तळाशी बसतो, खाण्यासाठी वीतभरसुद्धा सरकत नाही; माशी त्याच्या नाकासमोर नेऊन द्यावी लागते. तो ओढत नाही. दोरी वाहता वाहता जराशी थबकते, तेवढंच. ते थबकणं दिसलं पाहिजे. तासन्‌तास मी त्या दोरीकडे बघत राहायचे. त्याहून सुखाचे दिवस मला आठवत नाहीत.

तुमचा नियम एकच होता. मध्येच तुम्ही हाक मारायचात, "दाखव." मग मी अंगठा करंगळीला लावून दाखवायचा, आणि कोटाचं वरचं बटण काढून परत लावायचं. जमलं नाही तर काठी सुटी करून आपण घरी, मग मासे नुसते हाताशी आलेले असले तरी. बधिर हाताने जिवंत प्राण्याला हात लावायचा नाही, असं तुमचं म्हणणं. त्यावर मी उपाय शोधला होता. तुमची पाठ माझ्याकडे असताना हात काखेत दाबून धरायचे, आणि हाक येईल असं वाटलं की बाहेर काढायचे. बोटं तेवढ्यापुरती वाकायची. बटण लागायचं. तुम्ही मान हलवायचात.

माझा पहिला मासा मला त्या उपायामुळेच मिळाला. मी अकरा वर्षांची होते. तुम्ही काठी माझ्या हातात दिली होती, माझ्या मुठीवर तुमची मूठ, आणि दोरी थबकली. तुम्ही म्हणालात, हात आधी पाण्यात बुडव, कोरडा गरम हात लागला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग त्याला बुरशी लागते. मी बुडवला. "आता खालून हात घाल. धरू नकोस. नुसता ठेव." त्याच्या कुशीवर गुलाबी पट्टा होता, आणि काळे ठिपके अगदी शेपटीपर्यंत. तो माझ्या तळहातावर उभा राहिला, श्वास घेतला असेल, आणि गेला. तुम्ही विचारलंत, "कसा लागला?" मी म्हटलं, "गुळगुळीत. आणि गार." पुढे सगळ्यांना मी असंच सांगत आले, वर्गातल्या मुलींना, नवऱ्याला, लेकीला झोपवताना. खरं म्हणजे मला काहीच लागलं नव्हतं. हात आधीच गेलेले होते. मी फक्त पाहिला.

दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही मला पाण्यात उतरू दिलंत. तुमचे गमबूट, माझे कॅनव्हासचे बूट आणि दोन जोड लोकरी मोजे. थंडीतच ट्राउटची मादी अंडी घालते. उथळ पाण्यात शेपटीने खडी उकरते, अंडी घालते, वर परत खडी सारते. तो तुकडा बाकीच्या तळापेक्षा थोडा उजळ दिसतो, पण उन्हाची तिरीप पाण्यावर असली की दिसत नाही. म्हणून तुम्ही मला ओढा पायांनी वाचायला शिकवलंत. खडकावर पाऊल घट्ट बसतं, शेवाळावर सरकतं, आणि मोकळी खडी असली तर ती किंचित दबते. दबली की थांबायचं, आलो तसं मागे यायचं. "हा पुढच्या सालचा ओढा आहे," तुम्ही म्हणाला होतात. हातांची तुम्ही परीक्षा घेत होतात, पायांची घेत नव्हतात. पाय काखेत दाबता येत नाहीत, आणि बूट काढून दाखव असं तुम्ही म्हणाला नाहीत. अर्ध्या तासात माझे पाय घोट्यापासून खाली नव्हतेच. मी दोरीकडे बघत पुढे गेले. तुमची हाक आली, पण ती "दाखव"ची नव्हती. खाली पाहिलं तर माझ्या दोन्ही बुटांभोवती पाणी गढूळ झालं होतं आणि त्यातून नारिंगी मण्यांसारखं काहीतरी वर येऊन वाहून चाललं होतं. खालच्या डोहातल्या लहान माशांना ते कळलं असावं, ते लगेच आले.

"तुला कळलं नाही?" तुम्ही विचारलंत.

पाय बधिर झाले होते असं म्हणायला एक श्वास पुरला असता. पण तसं म्हटलं असतं तर काखेची गोष्ट निघाली असती, मागच्या हिवाळ्याची निघाली असती, आणि ओढा संपला असता. म्हणून मी म्हटलं, "कळलं होतं. विसरले."

"विसरलीस."

तुम्ही ओरडला नाहीत. काठीचे तीन तुकडे केलेत, पिशवीत घातलेत. अडीच मैल मी तुमच्या मागून चालत आले. घरी मी स्वयंपाकघराच्या दाराआड चुलीपाशी पाय धरून बसले होते, आणि तुम्ही आईला म्हणालात, "हुशार आहे, पण हिला जिवंत गोष्टीची पर्वा नाही." आई म्हणाली, "लहान आहे." तुम्ही म्हणालात, "ते लहानपणीच कळतं." पायांत रक्त परत येत होतं, फार दुखत होतं, आणि मी आवाज केला नाही. पुढच्या सुट्टीत तुम्ही एकटेच गेलात. मला विचारलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. नंतर बोर्डाची परीक्षा आली, तुमची बदली झाली, मग माझं लग्न, मग हे सिंगापूर. तुम्ही गेलात त्याला एकोणतीस वर्षं झाली. त्याआधीच्या वर्षांत आपण पुष्कळ बोललो असू, पगारावर, पावसावर, लेकीच्या शाळेवर. ते वाक्य तुमच्या मनात तसंच राहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. माझ्या राहिलं.

आता गेल्या आठवड्यातलं सांगते. बाथरूममध्ये बुटक्या स्टुलावर बसून, पाय लांब करून, मी बाळाला तेल लावलं होतं. बादलीत पाणी काढलं. हात घालून बघितला, नेहमीसारखा, म्हणजे हात घातला आणि काही कळलं नाही. इतके दिवस मी त्यानंतर कोपराने बघत होते, त्या दिवशी बाळ रडत होतं म्हणून घाई केली. तांब्या भरला. लेक टॉवेल घेऊन आत आली आणि सहज तिने बादलीत बोटं बुडवली, आणि झटकन काढली.

"आई, हे किती हॉट आहे. तुला कळलं नाही?"

तुमचेच शब्द, नाना. तुमची ही नात तुम्ही एकदाच पाहिलीत, तेव्हा ती दोन वर्षांची होती. मी म्हटलं, "गार घालायचं विसरले."

तिने गार पाणी सोडलं, पुन्हा बघितलं, मला मान हलवून सांगितलं की घाल. दुपारी मी झोपले आहे असं समजून ती नवऱ्याशी इथल्या ढंगात, वाक्यामागे 'लाह' लावत, बोलत होती. "लास्ट वीक गॅसवर दूध ठेवून गेली. नाऊ धिस. आय ॲम नॉट बीइंग पॅरानॉइड, लाह." तो म्हणाला, "वय झालंय, थकल्यात." ती म्हणाली, "ती कधी विसरत नाही. दॅट्स द पॉइंट." दूध मी विसरले नव्हते; बटण बंद झालं असं बोटांना वाटलं होतं. संध्याकाळी ती माझ्यापाशी बसून, अगदी हळू, जणू मीच तिची लेक, म्हणाली की पुढच्या बुधवारी मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली आहे, नुसतं बघायला. मी बरं म्हटलं. विसराळू आजीला न्हाऊ घालू देतात, कोणीतरी पाणी बघायला उभं राहिलं की झालं. बधिर आजीला देत नाहीत. हा हिशोब मी मनात किती लवकर केला त्याचं मला नंतर आश्चर्य वाटलं.

आठवडाभर तसं चाललं. ती बदक बादलीत सोडायची, आकडा वाचायची, "ओके, आई," म्हणायची. आज सकाळी बाळाला पोटावरून पाठीवर वळवत होते. तेलाचं अंग, सात आठवड्यांचं पोर, वळवताना निसटतं. ते हातात आहे की नाही हे मला आता डोळ्यांनी बघावं लागतं, म्हणून मी बघत होते. माझी बोटं तिच्या दंडाभोवती होती आणि नखं पांढरी पडली होती. मी किती जोरात धरलं होतं ते मला नखांवरून कळलं. सोडलं, तर दंडावर चार लाल पट्टे. ती रडलीसुद्धा नाही, माझ्याकडे बघत होती.

मी लेकीला म्हटलं, "हिला घे."

"काय झालं?"

"आधी घे."

लेकीने घेतलं. तेलकट बाळ टी-शर्टला लावून ती उभी राहिली, आणि मी पाय लांब करून तशीच बसून तिला सांगितलं की मी काही विसरत नाही, मला हातांना कळत नाही. पाणी कळत नाही, बटण कळत नाही, आणि ही कळत नाही.

"सिन्स व्हेन?"

"औषध चालू होतं तेव्हापासून. गेलंच नाही."

"म्हणजे माझ्या अख्ख्या प्रेग्नन्सीत? आणि तू सांगितलं नाहीस?" मग, "मग विसरले का म्हणालीस? मी तीन रात्री डिमेन्शिया वाचत बसलेय, आई."

मला रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. मी बादलीतल्या बदकाकडे बघत राहिले. तिने बाळाला माझ्या पायांवर परत ठेवलं नाही. बेसिनपाशी निळा टब होता, तो ओढला, त्यात रबराची जाळी घातली, आणि स्वतः गुडघ्यांवर बसली. "बोल, काय करू?" मी स्टुलावरून सांगत गेले. मानेखाली हात घाल. धरू नकोस, नुसता ठेव. काखेतलं तेल आधी काढ. कानात पाणी जाऊ देऊ नकोस. तिने सगळं बरोबर केलं. बुधवारची अपॉइंटमेंट तिने तिथेच ओल्या हाताने फोनवरून रद्द केली, आणि माझ्या हातांसाठी डॉक्टरांची मागितली.

आता दुपार आहे, दोघी झोपल्या आहेत. हे तुम्हाला पाठवायचं कुठे, ते मला माहीत नाही, म्हणून घडी करून मरीन परेडला नेईन आणि तिथल्या कागदांत ठेवीन. त्या गढूळ पाण्याचं खरं कारण तुम्हाला सांगायचं होतं, ते सांगून झालं. मला पर्वा होती, नाना. एवढं लिहून पेन खाली ठेवणार होते. पण आज अंघोळीनंतर आणखी एक झालं. रोज संध्याकाळी मी बाळाला खांद्यावर घेऊन बाहेरच्या कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाते आणि येते, वाटेत शेजाऱ्यांच्या कुंड्या आहेत, चपलांचे जोड आहेत, तीन पायऱ्या आहेत. लेक बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळत होती, आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "फक्त हात ना, आई?"

मी म्हटलं, "फक्त हात."